विंडोज संगणकावर जुना पासवर्ड पुन्हा ठेवता येऊ नये यासाठी काय करावे

यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंगमध्ये कापसाची आवक वाढली की काट्याच्या संगणकावर हंगामी माणसे बसतात आणि हंगाम सरल्यावर निघून जातात, पण पासवर्ड त्यांच्या लक्षात राहतो. बदललेला पासवर्ड कोणी फिरवून पुन्हा जुनाच केला, तर त्या सर्वांसाठी संगणक पुन्हा उघडा होतो. हे रोखण्याची सोय विंडोजमध्येच आहे. मात्र ती त्या संगणकावर तयार केलेल्या स्थानिक खात्यांनाच लागू होते, मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्यांना नाही.

प्रथम प्रशासक खात्यातून प्रवेश करावा. विंडोजची प्रो आवृत्ती असल्यास विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'सेकपोल.एमएससी' (secpol.msc) लिहावे. पुढे 'अकाउंट पॉलिसीज' व त्याखालील 'पासवर्ड पॉलिसी' उघडून 'एनफोर्स पासवर्ड हिस्ट्री' येथे मागचे किती पासवर्ड अडवायचे ती संख्या भरावी. शून्य म्हणजे कोणतेही बंधन नाही. कमाल मर्यादा २४ आहे आणि तीच ठेवावी, कारण त्याने कामात कसलीही अडचण येत नाही.

नियम चालतो का, हे याच वेळी काटेवाल्याच्या खात्यातून कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबून, पासवर्ड बदलून व लगेच जुना पुन्हा देऊन पाहावे. तो नाकारला गेला पाहिजे.

त्यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. 'मिनिमम पासवर्ड एज' शून्य असेल, तर चिकाटीचा माणूस एकाच बैठकीत पंचवीस वेळा पासवर्ड बदलून जुन्यावर परत येऊ शकतो. तेथे १ दिवस भरला की ही पळवाट बंद होते, कारण एकदा बदललेला पासवर्ड त्याला दिवसभर पुन्हा बदलता येत नाही. चाचणी आधी करून घ्यायची ती यासाठीच.

होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तेथे प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, अक्षरे व अंक इंग्रजीतच ठेवून, 'नेट अकाउंट्स /युनिकपीडब्ल्यू:२४' (net accounts /uniquepw:24) आणि 'नेट अकाउंट्स /मिनपीडब्ल्यूएज:१' (net accounts /minpwage:1) या आज्ञा द्याव्यात. नुसते 'नेट अकाउंट्स' लिहिल्यास लागू झालेले नियम दिसतात.

दिवाणजींनी प्रशासक खात्यातून दुसऱ्याचा पासवर्ड रीसेट केला, तर जुन्या पासवर्डांची पडताळणी होत नाही. म्हणून रीसेट करताना 'पुढील प्रवेशाच्या वेळी पासवर्ड बदलणे आवश्यक' हा पर्याय निवडावा. शिवाय 'कापूस@१'च्या जागी 'कापूस@२' हा विंडोजच्या लेखी नवाच पासवर्ड असल्याने तो अडवला जात नाही. ते काटेवाल्याला तोंडीच सांगावे लागते.