पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या कॅम्परव्हॅनची तयारी

मुलीकडे परदेशी जायचे असल्याने आमची कॅम्परव्हॅन संपूर्ण पावसाळा चिपळूणच्या घरी, पत्र्याच्या शेडखाली उभी राहणार होती. कोकणातील दमट हवेत खरी काळजी बॅटऱ्यांची आणि बुरशीची असते, म्हणून बहुतेक वेळ मी त्यांनाच दिला.

गाडी बंद असली तरी अलार्म आणि घड्याळ थोडी वीज घेतच राहतात, आणि शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून इंजिनाची बॅटरी पूर्ण चार्ज करून, काही तासांनी मीटरवर 12.6 व्होल्ट दिसल्यावरच मी तिची निगेटिव्ह वायर सोडवली. आतील दिव्यांची व फ्रिजची लिथियम बॅटरी मात्र दीर्घकाळ पूर्ण भरलेली ठेवू नये. ती 50 ते 60 टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद केला.

पाण्याची टाकी रिकामी करून पंपाने नळ्यांतले पाणीही काढले. फ्रिज पुसून त्याचे दार किलकिले ठेवले, गाद्या उभ्या केल्या, कपाटे उघडी सोडली. प्लॅस्टिकचे आच्छादन कटाक्षाने टाळले, कारण त्याखाली बाष्प कोंडते आणि बुरशीला तेच हवे असते. डिझेलची टाकी भरून घेतली, म्हणजे रिकाम्या जागेत पाणी धरत नाही. हँडब्रेक गंजून चिकटू नये म्हणून तो न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले. गॅस सिलिंडर बाहेर काढला.

परतल्यावर, उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना हे बॉनेट उघडून पाहिले, मगच बॅटरी जोडली. टायरमध्ये हवा भरून गाडी रस्त्यावर काढली.