कढीलिंबावरचा सुरवंट कसा टिपायचा

मॅक्रो, म्हणजे किड्यामुंग्यांचे अगदी जवळून मोठे फोटो काढणं, शिकायचं म्हटलं की लोक आधी आंबोली गाठतात. मी म्हणते, आधी परसातला कढीलिंब बघा. पावसाळ्यात त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली तर जरा वाकून बघा. पुष्कळदा तो कॉमन मॉर्मन फुलपाखराचा सुरवंट निघतो. मोठा झाला की हिरवागार होतो, मग डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

१०० एमएमची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर किट लेन्समागे (कॅमेऱ्यासोबत येते ती) एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावा. मात्र मग किड्याच्या पार जवळ जावं लागतं.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. किड्यांचं अंग तापलेलं नसतं, त्यामुळे हालचाल मंद असते. उन्हं वर आल्यावर चतुराच्या मागे धावण्यात अर्थ नाही. तो उडाला तर जागचे हलू नका, बहुधा त्याच काडीवर परत येतो.

खरी अडचण वाऱ्याची. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ हलकेच धरायचा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवायची. मग वारा आला तरी पान आणि कॅमेरा एकत्रच हलतात. ऑटोफोकस बंद. फोकसची रिंग एकदा लावून ठेवायची आणि डोकं स्पष्ट दिसेपर्यंत आपणच किंचित पुढेमागे झुलायचं. एफ ११, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान, ठेवूनही जेमतेम दोनेक मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते, म्हणून सुरवंट आडवा असेल तर कॅमेराही त्याला समांतर धरा.

फ्लॅशवर खोक्यातल्या पॅकिंगचा पातळ पांढरा फोम बांधा, नाहीतर अंगावर पांढरे डाग चमकतात. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० ठेवलं तर मागचं सगळं काळं येतं. भर सकाळी काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटावा, हे मला पटत नाही. आयएसओ ८००, शटर १/१०० करा; मागची हिरवाई दिसू लागते.

डिवचलं की हा सुरवंट डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो, उग्र वासही येतो. त्या फोटोला वाहवा फार मिळते, म्हणून काहीजण मुद्दाम काडीने टोचतात. तो घाबरलेला असतो हो! शिंग दिसलं की मागे सरा. फांदी तोडून घरात आणणं, किडा फ्रीजमध्ये थंड करणं, असले उद्योग तर नकोतच.

कढीलिंबावर हात बसला की आंब्याकडे वळा. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या तिथे भरपूर मिळतील, फक्त जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.