कुटुंबोपचारावर प्रबंध लिहिताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी उन्हं तापायला लागली की माझ्या टेबलावर प्रबंधांची चळत येऊन पडते. काही मानसशास्त्राचे, काही समाजकार्याचे. अलीकडे त्यातले बरेच अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ व्हर्जिनिया सॅटिर यांच्या, एकट्या माणसाऐवजी अख्ख्या घरावर काम करायच्या पद्धतीवर असतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. घरात कोणी बिघडलेला नसतो, ज्याला जशी जमेल तशी तो माणूस अडचण निभावत असतो आणि कुठल्याही वयात वाढू शकतो, हा त्यांचा विचार जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींना चटकन पटतो. पण विषय इतका माणसाचा आणि काम इतकं घाईचं, हे बघून जीव तुटतो. वर्षं बदलतात, विद्यार्थी बदलतात, चुका त्याच राहतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरातल्या एकालाच विचारायचं आणि वर शीर्षक द्यायचं 'कुटुंबातील संवाद'.

एका विद्यार्थ्याने तीस कुटुंबांचा अभ्यास आणला होता. तक्ते सुबक, आलेख रंगीत. जवळजवळ प्रत्येक घरात संवाद 'उत्तम'. मी विचारलं, प्रश्नावली भरली कोणी? म्हणाला, "सर, कुटुंबप्रमुखांनी." म्हणजे तीस घरांतले तीस बाप. मी त्याला म्हटलं, चल, यातल्या एका घरी मला घेऊन चल.

पारोळ्याकडचं गाव. ओट्यावर खाट टाकलेली, तिच्यावर वडील. थोरला मुलगा सुरतेला कापड मिलमध्ये, धाकटा शेतात. आजी दाराच्या चौकटीला टेकून बसलेली. सून आत चुलीशी, तिचा फक्त हात दिसत होता, कळण्याची भाकरी थापणारा. वडील अर्धा तास बोलले आणि चांगलंच बोलले. आमच्या घरात सगळं एकमेकांना विचारून होतं, असं त्यांनी सांगितलं आणि ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या जागेवरून घर तसंच दिसत होतं. चहा झाला, ते बैलाला पाणी पाजायला उठले. मी उंबऱ्याशी सरकून सुनेला विचारलं, घरात काही ठरतं तेव्हा तुमचं म्हणणं कधी सांगता? तव्यावरची भाकरी उलटायला गेलेला हात थांबला. "माले कोनी इचारंच नही," ती म्हणाली. मग भाकरी उलटली. तिची एक बाजू करपली होती.

माझा विद्यार्थी परतीच्या एस.टी.त बराच वेळ गप्प होता. प्रबंध त्याने नव्याने केला, तीसऐवजी बाराच घरं घेतली, पण प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाशी वेगळं बोलला.

खुद्द सॅटिरबाई याच वाटेने कुटुंबापर्यंत पोचल्या, हे या मुलांनी वाचलेलंच नसतं. 1951 च्या सुमारास त्यांच्याकडे स्किझोफ्रेनियाचं निदान झालेली एक तरुणी येत होती. काही महिन्यांत ती सुधारली, तेव्हा तिच्या आईचा फोन आला: तुम्ही माझी मुलगी माझ्यापासून तोडताय, मी खटला भरीन. बाईंना त्या धमकीच्या आत एक विनवणीही ऐकू आली. त्यांनी आईलाच बोलावलं. आई आली आणि मुलगी पुन्हा पहिल्या जागेवर गेली. दोघींचं बसतंय तोवर बाईंनी विचारलं, वडील कुठे आहेत? वडील आले, पुन्हा घडी विस्कटली. मग भाऊ. दर वेळी एक माणूस खोलीत आला आणि घराचं चित्र बदललं. तुमच्या तक्त्यात ते माणूस आलेलंच नसेल, तर तुम्ही कोणाचं घर मोजलंत?

माझी सवय सांगतो. कुठल्याही घरी गेलो की प्रश्नावली पिशवीतच ठेवतो आणि वहीच्या पहिल्या पानावर कोण कुठे बसलंय त्याची आकृती काढतो. खाटेवर कोण, खाली कोण, दाराआड कोण. दुसऱ्या भेटीत आकृती पुन्हा काढतो. प्रश्न तिसऱ्या भेटीत. विद्यार्थी म्हणतात, सर, इतका वेळ नाही. वेळ नसेल तर विषय बदला. ग्रंथालयात बसून करता येतील असे शेकडो विषय आहेत. कुटुंबांच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून दोन दिवसांत शंभर उत्तरं गोळा करणं हे घराच्या दारातसुद्धा न जाणं आहे.

याच चुकीची धाकटी बहीण आकडेमोडीत सापडते. तीस घरांतली प्रत्येकी चार माणसं विचारली की लगेच 'नमुना 120' आणि थेट टी-चाचणी, म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी. एका घरातली चार माणसं एकमेकांपासून सुटी नसतात, एकाच चुलीवर जेवतात. त्यांना 120 स्वतंत्र निरीक्षणं धरलं की नसलेला फरकही ठळक दिसतो. माणूस आणि त्याचं घर असे दोन्ही थर हिशेबात घेणारं बहुस्तरीय विश्लेषण जमत असेल तर करा, जमत नसेल तर जाणकाराला गाठा. आणि घराची सरासरी काढून मोकळे होऊ नका. सासऱ्याचे 38 गुण आणि सुनेचे 17, सरासरी साडेसत्तावीस होते, पण साडेसत्तावीसवालं माणूस त्या घरात कोणीच नाही. त्या दोघांतलं अंतर हाच तुमचा निष्कर्ष आहे.

आता दुसरं दुखणं, भाषांतराचं. सॅटिर पद्धतीत स्वतःची किंमत वाटणं हा गाभा, म्हणून सगळे रोझेनबर्ग यांची 1965 ची आत्मसन्मान मापनी उचलतात. दहा विधानं, पाच सरळ आणि पाच उलटी. मोबाइलवर पाच मिनिटांत मराठी होते आणि छापून येते. तिच्यातलं आठवं विधान साधारण असं: 'मला स्वतःबद्दल अधिक आदर असता तर बरं झालं असतं.' हे उलटं विधान आहे. हो म्हटलं की गुण कमी. पण मराठीत ते बहुतेकदा 'मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे' असं उतरतं आणि मग ते कमीपणा राहत नाही, चांगली आकांक्षा होते. अमळनेरजवळच्या एका गावात मी समोर बसलेलो असताना एका मावशींनी ते ऐकून मान डोलावली, "हाई ते चांगलं शे ना!" आणि 'पूर्ण सहमत'वर खूण करायला सांगितली. विद्यार्थिनीने त्यांचे गुण कापले. त्याहून वाईट पुढे झालं. सॅटिर पद्धतीच्या सहा बैठकांनंतर, स्वतःसाठी काही मागायची मुभा असते हे उमगल्यावर, आणखी बायांनी त्याच विधानाला हो म्हटलं. बायका वाढल्या आणि कागदावर घसरल्या. ती पोरगी माझ्यासमोर रडली. दोष तिचा एकटीचा नव्हता, तो कागद आधी मार्गदर्शकाच्या हातूनही सुटला होता. या आठव्या विधानाने अनेक भाषांत संशोधकांना दगा दिलाय. म्हणून प्रत्येक विधानाचा एकूण गुणांशी मेळ तपासा, आणि हे विधान धरून आणि सोडून, दोन्ही निकाल द्या.

उलट-भाषांतर, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी, मूळ न पाहिलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि धुळ्याकडे जाताय तर अहिराणीत, रावेर-यावलला लेवा बोलीत वाचून दाखवा. शहादा-तळोद्याच्या भिल्ल वस्तीवर पुस्तकी मराठी घेऊन गेलात तर लोक सौजन्याने हो म्हणतील, आणि तुम्ही ते सौजन्य मोजून याल. 'आत्मसन्मान' हा शब्द मी कुठल्याच ओट्यावर ऐकलेला नाही. 'मान' म्हटलं की लोक दुसऱ्याने दिलेला मान समजतात. यावर सॅटिरबाईंचाच उपाय मी वापरतो. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या शेतघरी एक मोठं काळं लोखंडी भांडं होतं. कधी त्यात साबण शिजायचा, मळणीच्या दिवसांत रस्सा, कधी वडील फुलझाडांचं खत साठवायचे. वापरायचं तर आधी विचारावं लागे, आत काय आहे आणि किती भरलंय? स्वतःच्या किमतीबद्दल बोलायला बाईंनी तेच भांडं धरलं. मी विचारतो, "आज हंडा कितला भरेल शे?" कुणी तळहात आडवा धरून गुडघ्याशी दाखवतं, कुणी कमरेशी. मापनी नंतर भरू.

बाकीच्या चुका झटपट सांगतो.

मनधरणी करणारा, दोष देणारा, कोरडं तर्कट चालवणारा, विषय भरकटवणारा, हे सॅटिरबाईंनी सांगितलेले चार जण म्हणजे माणसांचे प्रकार नाहीत. ताण आला की घेतलेले पवित्रे आहेत. तोच बाप सावकारापुढे मनधरणी करतो आणि घरी येऊन दोष देतो. 'नमुन्यातील 60 टक्के स्त्रिया मनधरणी प्रकारच्या' अशी वाक्यं खोडा. डोक्यावर पदर आणि खाली नजर म्हणजे मनधरणी नव्हे. ती रीत आहे, आतलं विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या बैठकीनंतर लगेच मोजू नका. या पद्धतीत जुनी घडी मोडली की मध्ये गोंधळाचा टप्पा येतोच, तेव्हा गुण पडतात. आधी, मध्ये, शेवटी आणि निदान तीन महिन्यांनी, असं चारदा मोजा. तुलनेला अजून उपचाराच्या प्रतीक्षेत असलेली कुटुंबं ठेवा, नाहीतर 'उपचाराने फरक पडला' हे वाक्य लिहू नका. लोक मुळात घर सगळ्यात बिघडलेलं असताना येतात, काही फरक आपोआपही पडतो.

घरातली नाती दिसावीत म्हणून घरच्यांना पुतळ्यासारखं उभं करायचा सॅटिर पद्धतीतला प्रयोग नुसता व्हिडिओ बघून करू नका. सासऱ्याला गुडघ्यावर बसवायचं आणि पुढे काय ते माहीत नाही, हा खेळ नाही. प्रशिक्षण घ्या, अनुभवी माणूस सोबत ठेवा.

संमती घरातून एक सही घेऊन होत नाही, प्रत्येकाची वेगळी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 18 वयाच्या मुलांचाही होकार लागतो, पालकांच्या संमतीबरोबरच, पण वेगळा. मारहाणीचा प्रश्न सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. तुम्ही निघून याल, ती बाई तिथेच राहते. महिला हेल्पलाइन 181 आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस 14416 हे दोन क्रमांक वहीत ठेवा आणि ती एकटी असतानाच द्या.

आणि दिवस बघून जा. कापूस वेचणीत घरी आजी आणि कुलूप, दोनच सापडतात. मी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आठवडा धरतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि या घरात काय बोलायचं नसतं हे माहेरवाशिणीइतकं मोकळेपणी दुसरं कोणी सांगत नाही. नांदायला गेल्यावर तिने दोन घरांचे नियम शेजारी ठेवून पाहिलेले असतात. यंदा ज्यांना जायचंय त्यांनी भाषांतराचा कागद आधी घेऊन या. आठव्या विधानापासून सुरुवात करू.