न्यू इंग्लंडच्या जुन्या पाद्र्याची वंशावळ शोधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, सुना-जावई आहेत. ‘आमचे पूर्वज सतराव्या शतकातले पाद्री’ असं व्याह्यांकडून कळलं की घरातला हौशी माणूस लॅपटॉप उघडून बसतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं एका जागी मिळतात, तशी सोय तिथे नाही. तरी पाद्री हा लिहिता माणूस, त्यामुळे कागद सापडतात. गोंधळ होतो तो ते वाचताना.

उदाहरणाला जॉन लोथ्रॉप हा पाद्री घेऊ. 1584 मध्ये यॉर्कशायरच्या एटनमध्ये बाप्तिस्मा, शिक्षण केंब्रिजला. चर्च ऑफ इंग्लंडशी फारकत घेऊन लंडनमध्ये गुप्तपणे उपासकांची मंडळी चालवली म्हणून 1632 मध्ये अटक, आणि 1634 च्या सप्टेंबरात ‘ग्रिफिन’ जहाजातून बोस्टनला. आधी प्लिमथ वसाहतीतलं सिच्युएट गाव, मग 1639 पासून त्याच वसाहतीतलं बार्नस्टेबल. तिथेच 1653 मध्ये मृत्यू.

पहिली चूक लग्नाच्या नोंदीची. पाद्र्याच्या लेकीचं लग्न चर्चमध्येच लागलं असणार असं आपण धरून चालतो आणि चर्चच्या वहीत नोंद नाही म्हणून हात टेकतो. पण प्युरिटन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची आणखी शुद्धी हवी म्हणणाऱ्या, लोकांच्या लेखी लग्न हा धर्मविधी नव्हता, दिवाणी करार होता, आणि तो मॅजिस्ट्रेटसमोर व्हायचा. लोथ्रॉपची मुलगी जेन हिचं लग्न 8 एप्रिल 1635 ला एका गावकऱ्याच्या घरी लागलं. लावलं कॅप्टन माइल्स स्टँडिश यांनी, म्हणजे वसाहतीच्या लष्करप्रमुखाने! बाप स्वतः पाद्री असून त्याने आपल्या वहीत फक्त टिपण ठेवलं. तेव्हा आधी गावाचं आणि वसाहतीच्या कोर्टाचं दफ्तर पाहा.

याच जेनचा नवरा सॅम्युएल फुलर. इथे भले भले घसरतात, कारण प्लिमथच्या परिसरात या नावाचे तिघे होते. एक मेफ्लॉवर जहाजावरचे (1620 मध्ये प्लिमथच्या पहिल्या वसाहतकऱ्यांना आणणारं ते हे) डॉक्टर, 1633 मध्ये वारले. दुसरा त्यांचा पुतण्या, त्याच जहाजातून पोरवयात आला आणि पहिल्याच हिवाळ्यात आईबापांना मुकला. जेनचा नवरा तो हा. तिसरा डॉक्टरांचा मुलगा, पुढे मिडलबरोचा पाद्री झाला. ऑनलाइन वंशवृक्षांत पुतण्याची मुलं सर्रास चुलतभावाच्या खात्यावर जमा झालेली दिसतात. नाव जुळलं म्हणून माणूस जुळवू नका. गाव, बायको, जमीन, मृत्यूचं साल, यातल्या निदान दोन गोष्टी जुळायला हव्यात. आडनावाच्या स्पेलिंगवरून मात्र कुणाला बाद करू नका, लोथ्रॉपचंच लॅथ्रॉप झालेलं आहे.

तारखांचं थोडक्यात सांगतो. 1752 पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून फेब्रुवारीतल्या तारखेला 1612/13 असं जोडसाल दिसतं, जुन्या हिशोबाने 1612 आणि आजच्या हिशोबाने 1613. ते दिसेल तसंच उतरवा, ‘दुरुस्त’ करू नका. आणि ‘सातवा महिना’ असं लिहिलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, कारण पहिला महिना मार्च धरायचे.

लोथ्रॉपची वही म्हणून आज जे वाचायला मिळतं ते एझ्रा स्टाइल्स या पाद्र्याने 1769 मध्ये केलेल्या नकलेवरून आलेलं आहे. म्हणजे एखादं अक्षर शंकास्पद वाटलं तर ती चूक पाद्र्याची की नकलणाऱ्याची, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मृत्युपत्रात नाव नाही म्हणून मूल वारलं, हा निष्कर्षही घाईचा. लोथ्रॉपच्या मृत्युपत्रात जेन आणि बार्बरा या लेकींना आपला वाटा आधीच मिळाल्याचं सांगितलं आहे. सगळेच बाप इतकं नीट लिहून ठेवत नसत. कित्येकदा वाटा मिळालेल्या मुलाचा उल्लेखही नसतो. (उरलेली पुस्तकं, ती कशी वापरायची हे ज्याला कळतं अशा प्रामाणिक माणसाला विकावीत, असंही लोथ्रॉपने लिहिलंय. मला हा गृहस्थ तिथे आवडला.)

सगळ्यात चिवट चूक प्रसिद्धीतून येते. ग्रँट, फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश हे राष्ट्राध्यक्ष लोथ्रॉपच्या वंशातले, त्यामुळे त्याच्याशी नातं जोडायला लोक उत्सुक. त्याची दुसरी बायको अ‍ॅन हिचं माहेरचं आडनाव हॅमंड असं शेकडो वंशवृक्षांत चिकटवलेलं आढळेल, पण ठोस पुरावा नाही. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पाच्या (न्यू इंग्लंडला आलेल्या सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांच्या चरित्रनोंदी) खंडांत आधी पाहा, तिथे विधानांमागच्या मूळ कागदांचे संदर्भ दिलेले असतात. पुरावा मिळेपर्यंत अ‍ॅनच्या माहेरची जागा रिकामी ठेवा, व्याही कितीही आग्रह करोत.