आधी ओळखीचं पाणी, मग नवं

बरेच महिने स्कूबा डाइव्ह केला नसेल, तर सुट्टीची सुरुवात नव्या ठिकाणी करू नका. पहिला डाइव्ह ओळखीच्या मालवण-तारकर्लीलाच घ्या. मासे पाहणं होईलच, पण खरं काम कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनाचं: टाकीतल्या हवेचा दाब 50 बारवर आला की 5 मीटरवर हात-पाय न मारता स्थिर राहता येतंय का? वर ढकललं जात असाल, तर वजन कमी पडतंय. किती किलो, कोणता वेटसूट, लगेच लॉगबुकात (डाइव्हच्या नोंदवहीत) लिहा. मग खुशाल मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट किंवा अंदमानातलं स्वराज द्वीप गाठा. वेटसूट किंवा टाकी बदलली, तर वजन पुन्हा तपासा. आणि अंदमानहून परतीचं विमान? शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी. मी तर सरळ दुसऱ्या दिवशी दुपारचंच घेईन.