रेंज, आडोसा आणि वही: कोकणातल्या घरातून ऑनलाइन समुपदेशन कसे घ्यावे

"याला आता रत्नागिरीला न्यायला हवा." कोकणात कुणाची मस्करी करायची तर हे वाक्य हमखास निघतं. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव असं चिडवण्यापुरतं उरल्यामुळे साध्या काळजीनं पोखरलेली माणसंही तोंड उघडत नाहीत. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, घास उतरत नाही, पण सांगायचं कुणाला? वाडीत गोष्ट दुपारपर्यंत सर्वदूर होते. ऑनलाइन समुपदेशनात दवाखान्याबाहेर आपली गाडी कुणाला दिसत नाही, ही त्याची पहिली सोय. मात्र फोन लावला की बरं वाटलं, इतकं ते सोपं नसतं. नीट तयारी केली तर उपयोग होतो.

आधी शरीर तपासून घ्या

धडधड, थरथर, थकवा, झोप उडणं हे सगळं थायरॉइड बिघडल्यानं किंवा रक्त कमी असल्यानंही होतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड (टीएसएच) तपासून घ्या. दिवसाला सहा-सात कप चहा होत असेल तर तेही सांगा. छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम सुटत असेल, तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या आठवड्याच्या वेळेची वाट पाहायची नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. २०२२ च्या १० ऑक्टोबरला ती सुरू झाली. सोबत घरातल्या एका माणसाला लगेच सांगा. धोका समोर दिसत असेल तर ११२.

माणूस कसा निवडायचा

तीन वेगळे व्यवसाय आहेत आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ होते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकानं मानसशास्त्र किंवा समुपदेशनात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं असावं. 'लाइफ कोच' ही पदवी नव्हे. नोंदणी क्रमांक आणि शिक्षण विचारायला संकोच करू नका. चांगला माणूस विचारल्यावर लगेच सांगतो.

भाषेचाही विचार करा. घालमेल, जीव वरखाली होणं, धसका हे शब्द इंग्रजीत सांगताना अर्धी गोष्ट मागेच राहते. मालवणीत बोललेलं समोरच्याला कळतं का, हे पहिल्याच फोनवर पाहून घ्या. एका भेटीची फी किती, वेळ रद्द करायची झाली तर किती तास आधी कळवायचं, मध्येच कॉल तुटला तर काय, हेही तेव्हाच ठरवा.

जागा आणि रेंज

इथेच बहुतेकांची गाडी अडते. चिरेबंदी घरात माजघरात रेंज मरते, आणि जिथे ती मिळते त्या पडवीत सगळं घर बसलेलं असतं. ठरलेल्या दिवसाच्या आधी, नेमक्या त्याच वेळेला दोन-तीन ठिकाणी कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून बघा: माळ्यावर, मागील दारी, बागेतल्या मांगरात, सड्यावर लावलेल्या गाडीत. पत्र्याखाली बसणार असाल तर पावसाळ्यात आवाजच ऐकू येत नाही. तासाभराच्या व्हिडिओला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. मृगापासून वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून फोन पूर्ण चार्ज ठेवा आणि 'व्हिडिओ अडकला तर आवाजावर, तोही तुटला तर साधा फोन' असा क्रम समुपदेशकाशी आधीच ठरवून ठेवा. आपण आत्ता कुठे बसलोय आणि अडचणीत कुणाला फोन करायचा, हेही त्यांना सांगून ठेवावं.

इअरफोन लावला तरी समोरच्याचाच आवाज लपतो, तुमचा नाही. म्हणून घरच्यांना फक्त 'कामाचा फोन आहे, पाऊण तास हाक मारू नका' एवढं सांगा. गणपतीत चाकरमानी आले की घरात आडोसा सापडत नाही. ते दोन आठवडे आधीच ठरवून सोडलेले बरे.

तुम्ही जे बोलता ते गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे. जिवाला धोका असेल अशा प्रसंगी अपवाद असतो. कॉल रेकॉर्ड होतो का, हे मात्र स्पष्ट विचारा.

पहिली भेट

'टेन्शन फार आहे' असं सांगितलं की काम सुरू करायला टोक सापडत नाही. आदल्या दिवशी वहीत लिहा: त्रास शेवटचा कधी झाला, तेव्हा कुठे होतात, अंगात काय जाणवलं, मग काय केलं. काळजी किती आहे हे मोजणारी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी बहुधा भरून घेतली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणीची गरज आहे असं समजतात. दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा भरा. मनाला 'काहीच फरक नाही' वाटत असतानाही कागदावर आकडा उतरलेला दिसतो.

ध्येय मोजता येईल असं ठेवा. 'शांत व्हायचंय' यापेक्षा 'दीड महिन्यात एसटीनं एकटीनं चिपळूणला जाऊन यायचं' हे जास्त कामाचं.

मधले सहा दिवस

खरं काम इथे होतं. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत बारा-वीस भेटींची असते, आणि दोन भेटींमधला गृहपाठ हा तिचा कणा आहे.

वहीचं एक उदाहरण घ्या. जानेवारीत मळभ आलं. मनात रांग लागते: मोहोर गेला, कर्ज थकणार, पोराचं शिक्षण बुडणार. चार रकाने आखा: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. मग कामाची विभागणी करा. फवारणीचा सल्ला घेणं, बँकेत जाऊन विचारणं हे हातातलं. ते आजच करा. ढग कधी हटतील हे हातात नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी साडेपाचला वीस मिनिटं राखून ठेवा आणि दिवसभर आलेल्या काळज्या तिथे ढकला. झोपायच्या वेळेजवळ ही वेळ ठेवू नका, झोप जाते.

दुसरं, खात्री करत राहण्याची सवय. नवरा बोटीवर गेलाय, म्हणून बायको दर अर्ध्या तासानं फोन लावते. लागला की दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा सुरू, कारण मेंदू शिकतो की फोन केला म्हणूनच सगळं ठीक राहिलं. समुपदेशकासोबत पायऱ्या ठरवा: फोन करावासा वाटला की आधी पंधरा मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, मग दिवसाला दोनच फोन. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी विचारपूस करणं साहजिक आहे. तो सराव त्या दिवशी नको.

श्वासाचा सराव चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, शांत असताना. लोक तो फक्त घाबरल्यावर करतात आणि खोल-खोल, भराभर श्वास घेतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि घाबरणं उलट वाढतं. श्वास हळू घ्यायचा, मोठा नव्हे.

फरक पडत नसेल तर

गृहपाठ झाला नाही तर भेट रद्द करू नका. का झाला नाही, हाच त्या दिवसाचा विषय. पाच-सहा भेटींनंतरही गुण तसेच असतील, किंवा समोरचा नुसताच ऐकून घेत असेल, तर तसं सरळ सांगा. पद्धत बदला किंवा माणूस बदला. यात कुणाचा अपमान होत नाही. झोप, जेवण, काम तिन्ही बिघडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी घेऊ नका, आणि स्वतःची सुरू असलेली एकदम थांबवू नका.

बरं वाटू लागलं की भेटी थांबवण्याऐवजी आधी पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्या. शेवटच्या भेटीत वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून घ्या: त्रास परत येताना पहिली खूण कोणती दिसते, आणि ती दिसली की त्या आठवड्यात कोणता सराव पुन्हा सुरू करायचा.