सैनिकांची जुनी एनग्रेव्हिंग्ज पेनाने उतरवताय? या चुका टाळा

एनग्रेव्हिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर रेघा कोरून, त्यांत शाई भरून छापलेलं चित्र. ते पेनाने उतरवताना सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे एकाच जाडीची रेघ. ०.१ चं बारीक टोकाचं पेन घ्यायचं आणि चिलखत, दाढी, झेंडा, सगळं त्यानेच भरत सुटायचं.

मीही हेच केलं होतं. नेदरलँड्समधल्या हार्लेमचा एनग्रेव्हर हेंड्रिक गोल्टझियस याचा १५८७ चा निशाणदार, म्हणजे झेंडा धरलेला सैनिक, मी बारा रात्री बसून उतरवला. प्रत्येक रेघ जागच्या जागी होती. भिंतीला लावून चार पावलं मागे गेलो, तर रेशमी झेंडा पत्र्याचा दिसत होता. मूळ चित्रात रेघ केसासारखी सुरू होते, घडीच्या पोटाशी फुगते आणि पुन्हा बारीक होत विरते. ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, तांब्यात खोल गेलं की खाच रुंदावते, शाई जास्त धरते. कापडाचा फुगार त्या जाडीतच आहे. एकसारख्या टोकाच्या पेनातून तो येणार कुठून? मी आता दाबाने फाकणारी निब वापरतो आणि पहिला अर्धा तास रद्दी कागदावर नुसत्या फुगत्या रेघा ओढतो. नवशिक्यांना नेमका हाच अर्धा तास नको असतो.

कागद बोर्डाला चिकटवू नका. एनग्रेव्हर वळणदार रेघेसाठी प्लेट फिरवतो. तुम्ही कागद फिरवा.

काळोख हवा म्हणून हॅचिंगचे, म्हणजे जवळजवळ ओढलेल्या समांतर रेघांचे, थर चढवत जाणं, ही दुसरी खोड. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१३ च्या घोडेस्वाराचं चिलखत चमकतं ते कोऱ्या सोडलेल्या कागदामुळे. दोन थरांनंतर मी थांबतो आणि तिसरा दुसऱ्या दिवशी, गरज वाटली तरच देतो.

जर्मन कलाकार हॉप्फरचे लान्सक्नेख्ट, म्हणजे भाडोत्री जर्मन पायदळातले, सैनिक एनग्रेव्हिंग समजून उतरवू नका. ते लोखंडी प्लेटवरचं एचिंग आहे, म्हणजे रेघा हत्याराने न कोरता आम्लाने खोदलेल्या, तिथे रेघेचा स्वभावच वेगळा.

तलवार डाव्या हातात दिसली की सैनिक डावखुरा ठरवू नका. छापताना चित्र उलटं होतं.

आणि कृपा करून या चित्रांना फोटो समजू नका. ड्यूररने त्या स्वारासाठी १४९८ मधलं स्वतःचंच अभ्यासचित्र वापरलं, म्हणजे चिलखत पंधरा वर्षं जुनं. गोल्टझियसचा शिष्य याकोब द खेन याच्या १६०७ च्या कवायतीच्या पुस्तकात ११७ चित्रं आहेत: ४२ हलक्या बंदुकीची, ४३ मस्केट या जड बंदुकीची, ३२ भाल्याची. तिथे बोटं कुठे आणि पाय कुठे हे शिपायाला कळायला हवं, म्हणून रेघ स्वच्छ. गुरूच्या झेंड्यातला डौल तिथे आणलात तर पकडच दिसेनाशी होईल. उतरवण्याआधी मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, हा सैनिक कशासाठी काढला होता.

पहिल्याच दिवशी अख्खा झेंडा घेऊ नका. द खेनच्या एखाद्या मस्केटवाल्याची एक बाही घ्या, खांद्यापासून मनगटापर्यंत. तिला आठवडा लागला तरी लागू द्या.